धूर खाल्लेलं पान

आश्रुबा देवकत्यांची बायको जाऊन सात महिने झाले होते, आणि तिच्या हातचं जे काही शेवटचं या जगात उरलं होतं, ते मी भाद्रपदातल्या एका दुपारी त्यांच्याच दारात बसून पाइपात भरलं आणि ओढून टाकलं. वर "उत्तम आहे" असा अभिप्रायही दिला.

हे मी मुद्दाम केलं नाही. पण माझ्या हातून आजवर झालेल्या उद्योगांपैकी मुद्दाम केलेले फारच थोडे आहेत, त्यामुळे हा बचाव आमच्या घरात आता कुणी ऐकून घेत नाही.

झालं ते असं. मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. वडवणीच्या डोंगरपट्ट्यात चौतीस वर्षं मेंढ्यांना लसी टोचल्या, जंताचं औषध पाजलं. हुद्दा पशुधन पर्यवेक्षक. पण एवढं लांबलचक नाव घ्यायला मेंढपाळांना सवड नसते, म्हणून सगळे 'डाक्टर' म्हणतात. निवृत्तीच्या वेळी जावयाने लीड्सहून पाइप पाठवला. जावयाची भेट नाकारता येत नाही, आणि वापरली नाही तर मुलगी फोनवर विचारते. म्हणून साठीला टेकल्यावर मी पाइप ओढायला शिकलो. "तोंडाला नळ बसवल्यासारखं दिसतं," असं आमची वत्सला म्हणते. "आणि आपल्या बीडचा नळ. नुसती हवा."

त्या दिवशी आश्रुबांकडे सहज गेलो होतो. निवृत्त माणूस सगळीकडे सहजच जातो. त्यांच्या दारात दोन घरं आहेत: एक सरकारी घरकुलातलं, स्लॅबचं, गुलाबी रंगाचं, आणि त्याला पाठ लावून उभं असलेलं जुनं, मातीच्या भिंतींचं छप्पर. मला जुन्या घराच्या ओट्यावर बसवून ते "च्या सांगतो" म्हणून नव्या घरात गेले. माझी तंबाखू संपली होती. भिंतीतल्या कोनाड्यात एक चिलीम होती आणि तिच्याशेजारी पितळेची डबी. डबीच्या झाकणावरून दोरा गुंडाळून गाठ मारलेली. मला वाटलं, मुंग्या लागू नयेत म्हणून बांधली असेल. तंबाखूला मुंग्या लागत नाहीत, हे चौतीस वर्षं कीटकनाशक हाताळूनही मला सुचलं नाही. गाठ सुटेना, तेव्हा दाताने सोडवली. एवढी खटपट करताना माणसाला एकदा तरी शंका यावी. मला आली नाही.

आत मूठभर तंबाखू होती. काळीभोर, हाताने चुरलेली. चिलमीला चिमूट पुरते. पाइपाचं भांडं मोठं. सगळी मावली.

पहिल्याच झुरक्याला मी ताठ बसलो. बाजारातली तंबाखू घशात उतरते आणि भांडायला लागते. ही आली ती चुलीपासून उठून आल्यासारखी आली. आधी जळक्या लाकडाचा वास, मग भिजलेल्या घोंगडीचा, मग तव्यावर करपलेल्या भाकरीचा. आणि धूर सोडून दिल्यावर, सगळं संपलं असं वाटत असताना, जिभेच्या कडेला कसलासा गोडवा, कुणीतरी जाता जाता डोक्यावरून हात फिरवावा तसा. मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोर आश्रुबा उभे होते. हातात दोन कपबश्या. सहा फुटांचा, तुराटीसारखा वाळलेला माणूस. डोक्याला लाल पटका, उन्हाळा असो की हिवाळा, खांद्यावर काळी घोंगडी. त्यांनी कपबश्या खाली ठेवल्या. रिकामी डबी उचलली. तिच्या तळाशी बोट फिरवलं आणि ते बोट हुंगलं.

"समदी?" त्यांनी विचारलं.

"हो, म्हणजे... पाइपाचं भांडं मोठं असतं."

"कशी लागली?"

"उत्तम आहे आश्रुबा! काय तंबाखू आहे!"

"असायचीच," ते म्हणाले, आणि माझ्याशेजारी बसून चहा बशीत ओतून घेतला. पुढचा सगळा वेळ आम्ही शेळ्यांच्या तोंडखुरीबद्दल बोललो.

मी गाडीला किक मारत होतो तेव्हा त्यांची सून सुनिता पदर खोचत धावत आली.

"डाक्टर, काय केलं वो तुमी!"

"काय केलं?"

"आत्याच्या हातची शेवटची तंबाखू व्हती ती. आत्या गेल्या त्या दिवशी मामांनी चिलीम बंद केली. म्हणले, आता वर्षश्राद्धाला तिच्या हातची एकच ओढायची, आन् तिथंच चिलीम फोडायची. त्या पायी गाठ मारून ठिवलती."

गाडी सुरू झाली होती. मी ती बंद केली आणि पुन्हा सुरू केली. दुसरं काय करावं ते कळेना.

घरी येऊन वत्सलाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडायची थांबली. "मुक्या जनावराचंसुद्धा तोंड उघडायच्या आधी मालकाला विचारत होतात की हो," ती म्हणाली आणि आत निघून गेली. रात्री माझं ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. तिची आणि आश्रुबांच्या बायकोची, मनकर्णाबाईची, एकदाच भेट झाली होती, ती सुद्धा बसस्टँडवर.

आता आश्रुबांच्या नाकाबद्दल सांगायला हवं, म्हणजे मी काय संपवलं ते कळेल.

असं नाक मी माणसाला असलेलं पाहिलं नाही. मेंढीच्या श्वासावरून ते आजार ओळखत. मी थर्मामीटर झटकत असेपर्यंत ते म्हणत, "ताप न्हाई डाक्टर, हिनं काहीतरी खाल्लंय," आणि तसंच निघे. एकदा एका मेंढीच्या लोकरीत नाक खुपसून म्हणाले, "ही सटवी काल गेवराईच्या माणसाच्या कपाशीत शिरलती." संध्याकाळी तो गेवराईचा माणूस भांडायला आला. दिवाळी झाली की कळप घेऊन डोंगर उतरायचा, गोदाकाठच्या काळ्या रानात शेतोशेती मेंढ्या बसवत फिरायचं आणि मृग लागता परत यायचं, असा त्यांचा जन्म गेला. वाड्यावर, म्हणजे त्या फिरत्या मुक्कामावर, सगळ्यांच्या बायका सोबत असत. मनकर्णाबाई मात्र घरी. आधी अंथरुणाला खिळलेली सासू होती म्हणून. सासू गेली तर लेक बंकट शाळेत होता म्हणून. तो शाळेतून सुटला तेव्हा राहायची सवय झाली होती म्हणून. वर्षाचे सात-आठ महिने ती एकटी त्या छपरात भाकरी थापायची, आणि नवरा परत आला की त्याच्या हातात पितळेची डबी द्यायची. पाणी देतात तशी, आल्या आल्या.

ती डबी पुढच्या खेपेला वाड्यावर जायची, आणि तिथली माणसं त्या तंबाखूवर टपलेली असत. कुणी म्हणे, बाई त्यात गूळ घालते. कुणी म्हणे, मोहाची फुलं. आश्रुबांना विचारलं तर, "मला काय म्हाईत? ती देती, म्या वढतो." तिनेही सांगितलं नाही, यांनीही विचारलं नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढं एक विचारायचं राहिलंच.

मी वर्षाराणीला, म्हणजे लीड्सच्या माझ्या मुलीला, फोन केला. म्हटलं, तिकडे धुराचा वास येणारी तंबाखू मिळते का?

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

नवरात्रात ती आली तेव्हा दोन डबे घेऊन आली. त्यांना इंग्लिश मिक्श्चर म्हणतात. साहेबाच्या मुलखात म्हणे तंबाखू पिकत नाही. पण मिसळायची कशी यावर त्याने नाव लावून ठेवलं आहे. चहाचंही त्याने तेच केलं. या मिश्रणात अमेरिकेकडचं एक पिवळं पान असतं, ते गोडसर. तुर्कांकडचं एक बारीक पान, ते आंबूस. आणि सायप्रसहून आलेलं एक काळं पान, लाटाकिया नावाचं. पहिली दोन उन्हातान्हात वाळलेली साधी माणसं. तिसऱ्याला मात्र बंद खोलीत टांगून खाली लाकडाचा धूर करतात, आणि काळं पडेपर्यंत उतरवत नाहीत. हे सगळं मुलीने दुकानदाराला विचारून कागदावर लिहून आणलं होतं. मी डबा घरात उघडला तर वत्सला हातातलं टाकून गॅस बघायला धावली. "काही जळतंय का हो?"

मला इतका आनंद झाला, की दुसऱ्याच दिवशी दोन्ही डबे घेऊन वडवणीला निघालो.

आश्रुबा मेंढ्यांसमोर लिंबाचा पाला टाकत होते. एक एडका मध्ये मध्ये तोंड घालत होता, त्याला "सरक बे" म्हणून त्यांनी गुडघ्याने बाजूला केलं आणि ओट्यावर येऊन बसले.

"ओढायची न्हाई," ते म्हणाले. "हुंगतो."

त्यांनी चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली, अंगठ्याने चोळली आणि नाकाशी नेली. बराच वेळ तिथंच धरून ठेवली. सुनिता आमच्यापुढे चहा ठेवून दारात उभी राहून बघत होती.

"ह्यात तिघं हायती," ते म्हणाले.

मी कागद पाहिला. "बरोबर!"

"एक गोड बोलतंय. सोयऱ्यावाणी. एक नाक मुरडतंय, आंबट हाय. आन् एक..." ते थांबले. पुन्हा हुंगलं. "एक गप बसलंय."

"ते गप बसलेलं कसं आहे?"

"ते आमच्या घरचं हाय."

मी जवळजवळ उडी मारली. म्हटलं, मग भरायची का चिलीम? वर्षश्राद्धापर्यंत डबा इथंच ठेवून जातो. त्यांनी मान हलवली.

"नात्यातलं हाय डाक्टर, पण घरातलं न्हाई. ह्येचा चुल्हा परका हाय. कसलं लाकूड हाय कुणाला ठावं." आणि मग, डब्यात बघत, जणू डब्यालाच विचारलं, "पर ह्येला धुराचा वास कावून येतो?"

मी कागदावरचं वाचून दाखवलं: पान टांगतात, खाली धूर करतात, पान धूर खातं.

तेव्हा दारातून सुनिता म्हणाली, "मामा, आत्या बी टांगायच्या की."

"काय?"

"जुडी. बाजारातनं पानाची जुडी आणायच्या आन् चुलीवर आढ्याला बांधायच्या. तुमी मेंढरं घेऊन गेले की टांगायच्या, तुमी यायची खबर आली की काढायच्या. बुरशी धरू न्हाई म्हणून. गॅस आला तरी त्या जुडीपायी ह्याच घरात भाकरी करायच्या. म्या किती येळा म्हणलं, आत्या, तिकडं चला. म्हणायच्या, पान वलं ऱ्हाईल."

आश्रुबांनी वर पाहिलं. आम्ही दोघांनीही पाहिलं. दारातून आतलं आढं दिसत होतं, डांबर फासल्यासारखं काळं. त्याला सुतळीचा एक तुकडा अजून लोंबत होता.

"म्या गेलो की टांगायची," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् आलो की काढायची."

"व्हय मामा."

ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. मला वाटलं महिने. ते सालं मोजत होते. "एका साली दुस्काळ व्हता. लई लांब गेलतो, पार नगराच्या फुडं. चारा व्हता तिकडं, म्हणून ऱ्हायलो. सरावणात आलतो. त्या सालची तंबाखू..." त्यांनी मोजणारी बोटं मिटली. "लई कडक व्हती. ठसका लागायचा. वाड्यावर माणसं म्हणायची, अशी कवा झालीच न्हाई. म्या घरी आल्यावर तिला म्हणलं, मागची लई झ्याक जमलती."

"मग आत्या काय म्हणल्या?" सुनिताने विचारलं.

"म्हणली, असायचीच."

एडका पुन्हा पाल्यात तोंड घालत होता. त्याला कुणी हाकललं नाही.

मला अशा वेळी विनोद सुचतो. तो दोष माझा आहे, खात्याचा नाही. पण त्या दिवशी सुचला नाही. जितके दिवस हा माणूस बाहेर, तितका धूर पानाने खाल्लेला; आणि जितका धूर जास्त, तितकी याने तारीफ केलेली. पंचेचाळीस वर्षं हा माणूस स्वतःची गैरहजेरी चिलमीत भरून ओढत होता आणि वा वा म्हणत होता. मी तर ती एका दुपारी ओढली, तरी माझ्याच्याने बशीतला चहा संपेना.

मग त्यांनीच अंबाजोगाईची गोष्ट सांगितली. मनकर्णाबाईला धाप लागायची, खोकला जाईना, म्हणून शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं.

"तितल्या डाक्टरनं इचारलं, बाई बिडी वढत्यात का? म्या म्हणलं, न्हाई वो, मिसरी बी लावत न्हाई. त्यो म्हणला, मंग छाती अशी कशी? वढणाऱ्या माणसाची असती तशी हाय. म्या म्हणलं, सायेब, वढतो म्या. त्यो नुसता माज्याकडं बगत ऱ्हायला. मंग म्हणला, चुलीचा धूर असंल." त्यांनी माझ्या हातातला डबा घेऊन झाकण नीट दाबून बसवलं. "तवा म्या म्हणलं, समद्याच बाया चुलीफुडं बसत्यात. त्यो म्हणला, व्हय, म्हणूनच."

एवढं ऐकून शहाण्या माणसाने डबे उचलून घरी यायला हवं होतं. पण मी चूक दुरुस्त करायला निघालेला माणूस. पहिली चूक हातून होते. दुसरी मी विचार करून करतो. परतीच्या वाटेवरच मला युक्ती सुचली. छप्पर तेच, आढं तेच, चूलही तीच. बाजारातून पानाची जुडी आणायची आणि टांगायची. दिवाळीला टांगली तर माघात वर्षश्राद्धापर्यंत जवळजवळ तीन महिने. एका चिलमीपुरता धूर पान नक्की खाईल.

मी जुडी घेऊन गेलो तेव्हा आश्रुबांनी ती हातात घेऊन पाहिली आणि ओट्यावर ठेवली. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सुनिताच म्हणाली, "द्या इकडं, म्या टांगते." तिला वाटत होतं, मामांची एवढी एक इच्छा राहू नये. आश्रुबांचे गुडघे धरल्यापासून कळप आता बंकट, म्हणजे सुनिताचा नवरा, नेतो. दिवाळीनंतर तोही मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेला. त्याच दिवशी सुनिताने आत्याच्या जागेवर, त्याच सुतळीला, पानाची जुडी बांधली आणि गॅस बंद करून जुन्या चुलीत कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या. योगायोग किती जुळून आला, याचं मला कौतुक वाटलं. जुळून काय आलं होतं, हे मात्र कळलं नाही.

त्यानंतर दर बाजारच्या दिवशी मी वडवणीला जायचो आणि तिथून त्यांच्याकडे. निवृत्तीनंतर प्रथमच मला काहीतरी तपासायला मिळालं होतं. सुनिता खाटेवर चढून जुडीतलं एक पान तोडून आणायची, आश्रुबा ते चोळून हुंगायचे आणि निकाल द्यायचे. पहिल्या खेपेला म्हणाले, "आजून बाजारातच हाय." पुढच्या खेपेला, "वाटंला लागलंय." मार्गशीर्ष संपता संपता, "येशीपाशी आलं." प्रत्येक निकालाला मी घरी येऊन वत्सलाला सांगायचो, आणि ती विचारायची, "आणि त्या सुनेला काय वाटतं?" मी म्हणायचो, तिला काय वाटणार, तीच तर करते आहे हौसेने.

पौषात थंडी वाढली. छपराचं दार लोटून घ्यावं लागे, त्यामुळे धूर चांगला कोंडायचा. मी समाधानाने म्हणालो सुद्धा, "आता लाटाकियावाल्यांनी यावं शिकायला." सुनिता आतून खोकत बाहेर आली, डोळे पुसत हसली.

"काय शिकायचं वो डाक्टर? रडायला?"

खोकला असा होता: आधी दोन बारीक, मग एक लांब, विहिरीतून पोहरा ओढल्यासारखा. मी म्हटलं, थंडीचा आहे. तीही म्हणाली, थंडीचाच. आश्रुबा हातातलं पान हुंगत होते. त्या लांब खोकल्याला त्यांची बोटं थांबली. मग पुन्हा चोळू लागली.

"काय म्हणतंय पान?" मी विचारलं.

"येशीच्या आत आलंय," ते म्हणाले. पण माझ्याकडे न बघता.

त्यांच्यात काहीतरी बदललं होतं, हे मला पुढच्या दोन खेपांत दिसलं. ओट्यावर बसायची त्यांची जागा सरकून दाराच्या चौकटीला टेकली होती. मी मेंढ्यांच्या गोष्टी काढायचो, ते "हूं" म्हणायचे, कान मात्र आत. सुनिताने खोकलं की त्यांची मान किंचित वळायची. मी समजायचो, म्हातारपण. एकदा म्हणाले, "तिला बी असंच व्हतं. आदी दोन बारीक. पर तवा म्या गोदाकाठाला व्हतो, डाक्टर. म्या ऐकलंच न्हाई. म्या आलो तवा लांबला व्हता."

मी म्हटलं, "सुनिताला आल्याचा चहा द्या. मध द्या."

वर्षश्राद्धाला बारा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. मी सकाळीच गेलो. निघताना एक नवीन छापी, म्हणजे चिलमीला खालून लावायचा कापडाचा तुकडा, वत्सलाकडून मऊ सुती कापडाची कापून घेतली होती. तिने टोकंही दुमडून शिवून दिली. सुनिता आत भाकरी करत होती. छपरातून धूर निघत होता. तिने पीठ लागलेल्या हातानेच पान तोडून दिलं.

आश्रुबांनी ते चोळलं. हुंगलं. डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पटक्याखालच्या सगळ्या सुरकुत्या एकदम सैल झाल्या आणि ते वीस वर्षांनी तरुण दिसले, किंवा शंभर वर्षांनी म्हातारे. मला नक्की सांगता येणार नाही.

"दारात आलं," ते हळूच म्हणाले.

"खरं?"

"दारात हुबं हाय डाक्टर. तीच हाय. आत पाऊल टाकायचं बाकी हाय."

माझे डोळे भरून आले. धूरही होता. मी खिशातून छापी काढली आणि त्यांच्या हातावर ठेवणार, तेवढ्यात आत सुनिता खोकली. दोन बारीक. मग लांब. मग आणखी लांब, तुटेचना. भाकरी थापायचा आवाज थांबला. परातीला धरून ती वाकली असावी, कारण परात खणखणली.

आश्रुबा उठले. गुडघे दुखतात म्हणून हा माणूस एरवी भिंत धरून उठतो. त्या वेळी धरली नाही. आत गेले. रांजणाशेजारची भरलेली घागर दोन्ही हातांनी उचलली आणि चुलीत ओतली. अख्खी. चूल किंचाळली. राख, वाफ आणि धूर असं सगळं मिळून दारातून बाहेर आलं, आणि त्याच्यामागून सुनिता.

"मामा! भाकर व्हती तव्यावर!"

"जाऊ दे भाकर. तिकडं जा. गॅस लाव."

"पर तुमची जुडी..."

"तिकडं जा म्हणलं ना पोरी."

ती गेली नाही. पदर तोंडाला लावून अंगणात उभी राहिली. आश्रुबांनी हात वर करून आढ्याची सुतळी ओढली. ती तुटली. जुडी घेऊन ते माझ्यासमोरून उकिरड्यापर्यंत चालत गेले आणि शेणकचऱ्यासारखी टाकून परत आले. मग कोनाड्यातली चिलीम काढली, ओट्याच्या दगडावर एकदाच आपटली. मातीची वस्तू, फारसा आवाजही झाला नाही. रिकामी पितळी डबी मात्र त्यांनी आत टाकली नाही की फेकली नाही. सुनिताच्या हातात दिली. "हळद ठिव हिच्यात," म्हणाले.

मी छापी हातात धरून उभा होतो. एवढे महिने, एवढ्या खेपा, ती लीड्सची तंबाखू, तो कागद, आणि पान दारात येऊन उभं. तिथून बारा दिवस. मला खरोखरच त्या माणसासाठी वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की मी बोलतो.

"आश्रुबा, अहो बारा दिवसच राहिले होते हो! पान दारात आलं होतं, तुम्हीच म्हणालात. तिला दोन दिवस औषध दिलं असतं, दार जरा उघडं ठेवलं असतं, तेवढ्यात जमलं असतं. कावून विझवली?"

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"सून हाय ती डाक्टर, तंबाखू न्हाई."